नावे हरवलेली झाडे

सप्टेंबरच्या मध्यास सूर्य उत्तरा नक्षत्रात प्रवेश करतो आणि लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ या गावाजवळच्या एका टेकडीकडे माणसांची रीघ लागते. या टेकडीला लोक संजीवनी बेट म्हणतात. द्रोणागिरी घेऊन निघालेल्या हनुमंताच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे निसटला, अशी आख्यायिका आहे. उत्तरा नक्षत्राच्या दिवसांत बेटावरील वनौषधींच्या सान्निध्यात काही काळ घालविला तर जुनाट व्याधी हटतात, ही त्या आख्यायिकेतून आलेली श्रद्धा. श्रद्धेचा भाग घटकाभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. देवदर्शन, बाजार किंवा तमाशा यांपैकी कशाचेही निमित्त नसताना, निव्वळ वनस्पतींच्या भेटीसाठी सामान्य माणूस घराबाहेर पडतो, अशी ही यात्रा आहे. महाराष्ट्रात अशा यात्रा फार थोड्या असतील.

मात्र या यात्रेत एक मोठी उणीव आहे. बेटावर जाणारा बहुसंख्य माणूस ज्या वनस्पतींच्या ओढीने जातो, त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात, आणि परतताना ती ठाऊक झालेली असतात असेही नाही. तो बेटावर फिरतो, भरभरून श्वास घेतो, कोणी सांगितलेला एखादा पाला खिशात घालतो आणि घरी येतो. ही उणीव एका टेकडीपुरती असती तर तिचा वेगळा विचार करण्याचे कारण नव्हते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत वनस्पतींविषयी जे काही चालले आहे, त्याचेच हे प्रातिनिधिक रूप आहे. झाडांविषयी आस्था आहे, झाडे लावण्याचा उत्साह आहे, त्यासाठी पैसाही खर्च होतो. परंतु झाडांची ओळख पुसली जात आहे. ओळख पुसली गेलेली वस्तू नाहीशी झाली तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

नोंदीबाहेर राहिलेला प्रदेश

देशाच्या भूमीचा एक तृतीयांश भाग वनांखाली असावा, असे १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने म्हटले आणि १९८८ च्या वननीतीने त्याचा पुनरुच्चार केला. लातूर जिल्ह्यात वनाखालील भूमी एकूण क्षेत्राच्या एक टक्काही भरत नाही. बालाघाटच्या पठारावरील काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आहे. पूर्वी ज्वारी आणि तूर, पुढे सोयाबीन, असे पीक बदलत गेले तरी बांधापलीकडे मोकळी जागा उरली नाही. नांदेडची स्थिती त्या मानाने बरी आहे, कारण किनवट आणि माहूर या तालुक्यांत सागाचे जंगल आहे आणि पैनगंगेच्या खोऱ्यात त्याचा विदर्भातील वनांशी सांधा जुळलेला आहे. पण नांदेड शहरातल्या किंवा देगलूर-मुखेडकडच्या मुलाला ते जंगल लातूरच्या मुलाइतकेच दूरचे आहे.

या प्रदेशाच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंदही फार उशिरा झाली, आणि त्याचे कारण राजकीय इतिहासात आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला, तो पश्चिम महाराष्ट्राच्या अभ्यासकांना आजही पायाभूत वाटतो. नांदेड आणि लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे इलाख्याच्या सीमेबाहेर, आणि म्हणून त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिले. औरंगाबाद येथील प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यानंतर १९९८ मध्ये नाईक यांनीच समग्र मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ दोन खंडांत दिला. कुकच्या ग्रंथापासून मोजले तर हे अंतर सुमारे नव्वद वर्षांचे आहे. एका अभ्यासकाच्या दीर्घ परिश्रमाने ही उणीव भरून निघाली, हे मराठवाड्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. मात्र हे ग्रंथ इंग्रजीत आहेत, अभ्यासकांसाठी आहेत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. ग्रंथातले नाव झाडापर्यंत आणि झाडाखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचविणारा जो दुवा, तो सार्वजनिक वनस्पतिउद्यान होय. नेमका तोच दुवा या दोन जिल्ह्यांत दुर्बळ राहिला आहे.

बाग आणि वनस्पतिउद्यान

बाग आणि वनस्पतिउद्यान यांत फरक आहे. संध्याकाळी मुलांना घेऊन बसावे, पाय मोकळे करावेत, यासाठी बाग असते. नांदेडचे विसावा उद्यान किंवा लातूरचे नाना-नानी पार्क ही गरज भागवितात आणि ती गरज खरी आहे. परंतु हिरवळ, कारंजे, घसरगुंडी आणि कडेने एकसारखी छाटलेली कुंपणझुडपे एवढ्यावर वनस्पतिउद्यान होत नाही. तेथील प्रत्येक झाड कोणते, कोठून आणले, केव्हा लावले, केव्हा फुलले, याची नोंद असावी लागते आणि ती नोंद येणाऱ्याला वाचता यावी लागते.

अशा उद्यानांचा इतिहास या दोन शहरांना विशेष बोधप्रद आहे. इटलीतील पाडुआ विद्यापीठाचे वनस्पतिउद्यान १५४५ साली स्थापन झाले आणि ते आजही त्याच जागी आहे. ते शोभेसाठी काढलेले नव्हते. औषध म्हणून भलतीच वनस्पती विकली जाण्याचे प्रकार त्या काळी सर्रास होत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला अस्सल औषधी डोळ्यांनी ओळखता यावी, हा त्यामागील हेतू होता. वनस्पतींची चोरी होऊ लागल्यामुळे काही वर्षांतच उद्यानाभोवती भिंत घालावी लागली, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भारतात कलकत्त्याचे वनस्पतिउद्यान १७८७ चे आहे. मुंबईची राणीची बाग १८६२ साली खुली झाली, ती वनस्पतिउद्यान म्हणूनच. प्राणी तेथे पुढे आले, आणि आज लोक तिला मुख्यतः प्राण्यांसाठीच ओळखतात.

वैद्यकाचा विद्यार्थी आणि वनस्पती यांचे हे नाते लातूर आणि नांदेड यांच्याइतके कोणत्या शहरांनी मनावर घ्यावे? 'लातूर पॅटर्न'ची ख्याती राज्यभर आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी या दोन शहरांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि दोन-दोन वर्षे जीवशास्त्र घोकतात. पानांची मांडणी, फुलांची रचना, वनस्पतींचे वर्गीकरण हे सारे त्यांना पाठ असते. पण शिकवणी वर्गाच्या दारातील झाड कोणते, हे विचारले तर उत्तर येईलच असे नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. प्रश्नपत्रिकेत झाड येत नाही, झाडाचे चित्र येते. मार्गशीर्षात तुरीचे फूल नीट पाहिलेल्या विद्यार्थ्याने फाल्गुनात पळसाचे फूल हातात घेतले, तर ही दोन्ही एका कुळातली आहेत हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. तुरीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात ही सोय होऊ नये, हे शोचनीय आहे.

नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, रसशाळा आहे. विज्ञान महाविद्यालये दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि वनस्पतिशास्त्राचा विभाग असेल तेथे लहानसे उद्यान राखावे असा संकेतही आहे. ही उद्याने बहुधा प्रात्यक्षिकापुरती वापरली जातात आणि फाटकाआड राहतात. गावातील शिक्षकाला, कारकुनाला, गृहिणीला तेथे जावेसे वाटेल अशी व्यवस्था क्वचितच असते.

ओळख चुकण्याची किंमत

नाव ठाऊक नसल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. उदाहरणे घरचीच आहेत. शासकीय कार्यालयांच्या आवारांत उंच, सरळसोट, लांब नागमोडी पानांचे जे झाड रांगेने लावलेले असते, त्याला सर्वजण अशोक म्हणतात. तो अशोक नव्हे, ते आसुपालव. खरा अशोक, ज्याला सीतेचा अशोक म्हणतात, तो निराळा. त्याची साल औषधी आहे आणि तिच्या जागी आसुपालवाची साल खपविली जाते ही आयुर्वेदाची जुनी तक्रार आहे. दसऱ्याला सोने म्हणून वाटली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. अज्ञान असे की, पूजा एकाची आणि फांद्या तुटतात दुसऱ्याच्या. पावसाळ्यात झुडपांवर चढून लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुले मिरविणारी कळलावी दिसावयास जितकी मोहक, तितकाच तिचा कंद विषारी. औषधी म्हणून कंदमुळे गोळा करणाऱ्या हौशी माणसाची चूक येथे केवळ शैक्षणिक राहत नाही, ती जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका वनस्पतींच्याच जिवाला आहे. सफेद मुसळी काय किंवा शतावरी काय, ज्यांचे औषध मुळाशी असते त्या वनस्पती औषधासाठी काढल्या की त्या जागेवरून संपतात. एक टक्क्याहून कमी वन उरलेल्या जिल्ह्यात संजीवनी बेटासारखी टेकडी हाच त्यांचा शेवटचा आसरा ठरू शकतो. भक्तिभावाने आलेल्या माणसाने एकच मूळ नेले तरी यात्रेच्या हिशेबात ती संख्या मोठी होते.

ऋतूंचे दालन

मराठवाड्यात पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. महाबळेश्वराची हिरवाई किंवा कासची फुले येथे नाहीत, म्हणून येथे काहीच नाही असा समज रूढ झाला आहे. वास्तविक कोरड्या प्रदेशाचे निसर्गवर्ष अधिक रेखीव असते. माघ-फाल्गुनात पानगळीनंतर काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात, तेव्हा उघड्या फांद्यांवरची ती लाली मैलभरावरून दिसते. हिवाळाभर ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे परतीच्या प्रवासापूर्वी याच फुलांतल्या मधावर तुटून पडतात. शेतकऱ्याच्या शिव्या खाणारा हा पक्षी मध्य आशियाकडून येतो आणि टोळांचाही फडशा पाडतो, हे किती जणांना ठाऊक असते? चैत्रात निंबाला मोहर येतो, तांबटाची ठोके घातल्यासारखी साद दिवसभर चालू राहते. वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लवतो. ज्येष्ठाच्या तोंडाशी पावशा ओरडू लागतो, आफ्रिकेकडून आलेला चातक दिसू लागतो, आणि पाऊस पडला की विहिरीवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकतात.

श्रावण-भाद्रपदात तरोटा, कुर्डू, करटुली, पाथरी ही रानभाजी बाजारात येते. गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा आणि दूर्वा शोधल्या जातात. अश्विनात माळावर तरवड पिवळा होतो, तेव्हा देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या सीमेवरच्या तालुक्यांतील तेलुगू भाषक कुटुंबांत त्याच फुलांची बतकम्मा रचली जाते. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर शहर ओस पडते. घरे कुलूपबंद करून माणसे शेतावर जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि अंबिलीचे जेवण झाडाखाली होते. ज्या समाजात असा सण टिकून आहे त्याला निसर्गाची ओढ नाही, असे म्हणता येणार नाही. हिवाळ्यात गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील तलावांवर पाहुणी बदके उतरतात ती वेगळीच. ऋतूंचा हा क्रम एका आवारात, नावांसह आणि वेळापत्रकासह पाहता येईल, तर शाळेच्या सहलीला दुसरीकडे कोठे जाण्याचे कारण राहणार नाही.

पाण्याचा आक्षेप

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या लातूरने उद्यानांची भाषा बोलावी काय? आक्षेप रास्त आहे. पण तो हिरवळीला लागू पडतो, वनस्पतिउद्यानाला नव्हे. रोज पाणी मागणारे गवत हे दुष्काळी प्रदेशात चैनच आहे. उलट पळस, अंजन, धावडा, सलई, हिवर, निंब ही झाडे याच मातीत आणि याच अवर्षणात वाढलेली आहेत. पहिली दोन-तीन वर्षे सांभाळली की पुढे ती स्वतःच्या बळावर उभी राहतात. पाण्याची टंचाई हे देशी वनस्पतींच्या उद्यानाविरुद्धचे कारण नसून त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण आहे.

हाच विचार वृक्षारोपणाच्या मोहिमांनाही लावावा लागेल. राज्य शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प केला होता. अशा मोहिमांचा उत्साह स्तुत्यच. परंतु अहवालात प्राधान्य संख्येला मिळते. संख्या गाठावयाची म्हटली की लवकर वाढणारी आणि गुरे तोंड न लावणारी रोपे निवडली जातात. त्यातूनच मध्य अमेरिकेचे गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियाची निलगिरी सर्वत्र पसरली. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ आणि उंबर यांच्या फळांवर जगतो. निलगिरीचे बन कितीही मोठे झाले तरी त्याचे पोट तेथे भरणार नाही. अहवालात लावलेल्या झाडांच्या रकान्याशेजारी जातीचे नाव आणि तीन वर्षांनी जगलेली झाडे असे दोन रकाने काटेकोरपणे भरले गेले, तरी या मोहिमांचे स्वरूप पालटेल. हे काम मंत्र्यांच्या भाषणापेक्षा कार्यालयातील कारकुनाच्या दक्षतेवर अधिक अवलंबून आहे.

करावयाचे काय?

फार मोठ्या योजनेची येथे गरज नाही. संजीवनी बेटाचा विचार प्रथम व्हावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखाद्या क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. पुण्याच्या गणेशखिंड बागेला २०२० मध्ये असा दर्जा मिळाला. बेटाच्या बाबतीत या तरतुदीचा विचार अवश्य व्हावा. त्याच कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता समित्या आणि लोकांची जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून न भरता गावातील म्हाताऱ्या बायका, मेंढपाळ आणि वैदू यांना विचारून भरली, तर ग्रंथांत नसलेली नावे आणि उपयोग टिपले जातील. ती पिढी उतरणीला लागली आहे. या कामाला पुढची तारीख देता येणार नाही. उत्तरा नक्षत्रातील यात्रेच्या काळात वाटा आखणे, मुळे उपटण्यास मज्जाव करणे आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येणाऱ्यांना वनस्पती दाखवीत हिंडणे, एवढ्यानेही यात्रेचे रूप बदलेल. श्रद्धाळूला कोणी रोखू नये. त्याच्या श्रद्धेला ओळखीची जोड मिळावी.

दुसरे काम विद्यापीठाचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. विष्णुपुरीच्या माळावर त्याचे विस्तीर्ण आवार आहे आणि लातूरला उपकेंद्रही आहे. या दोन्ही ठिकाणी मराठवाड्याच्या वनस्पतींचे, लोकांना खुले असलेले उद्यान उभे करणे विद्यापीठाच्या कर्तव्यातच बसते. महाविद्यालयांनी आपली उद्याने निदान रविवारी उघडावीत. प्रत्येक झाडावर मराठी नाव, स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असलेली पाटी असावी. दोन्ही शहरांच्या महापालिकांनी नव्या बागेचा आराखडा करताना निम्मी जागा देशी झाडांसाठी राखावी. याला लागणारा खर्च एखाद्या रंगीत कारंज्याहून अधिक येण्याचे कारण नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम शिक्षकांचे. वर्गाला घेऊन वर्षातून चार ऋतूंत चार वेळा एकाच झाडाखाली जाणे आणि काय बदलले ते वहीत लिहावयास सांगणे, यास कोणाची मंजुरी लागत नाही. दहा शाळांनी दहा वर्षे अशा वह्या जपल्या, तर बहावा केव्हा फुलला, भोरड्या केव्हा आल्या, पावशा प्रथम केव्हा बोलला, याची जी नोंद तयार होईल ती हवामान बदलत असल्याच्या या काळात अभ्यासकांनाही मोलाची वाटेल.

मुंबई इलाख्याचा ग्रंथ रचला गेला तेव्हा हा प्रदेश परराज्यात होता आणि नोंदीतून सुटला. त्या वेळी येथील लोकांच्या हाती काही नव्हते. आज राज्य आपले आहे, विद्यापीठ आपले आहे, ग्रंथही सिद्ध आहेत. आता बेटावरच्या आणि माळावरच्या वनस्पती नावाविना नष्ट झाल्या, तर त्याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.